सिस्टरबाई आणि गोवर आलेलं चॅनेल

सिस्टरबाई टीव्हीची काच स्पिरिटनं पुसायच्या. रोज संध्याकाळी, बातम्यांच्या आधी. कापसाचा बोळा, त्यावर स्पिरिट, आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकाच दिशेनं खाली. हात उलटा फिरवायचा नाही, कारण उलटा फिरवला की घाण पुन्हा जखमेत जाते. काचेला जखम नसते, असं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो होतो. नव्यानं कामाला लागलेल्या वॉर्डबॉयकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोळा बदलला.

मी भोरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला आलो तो नव्वदच्या दशकाचा मधला काळ. खोली मिळाली ती त्यांच्या घराला लागून. मधे एक भिंत होती, पण ती इतकी पातळ की पलीकडं बातम्या लागल्या की मला वर्तमानपत्र घ्यायची गरज पडत नसे. जैनबी मुलाणी हे त्यांचं नाव रेशनकार्डापुरतं होतं. उभी नोकरी त्यांनी वेल्ह्याकडच्या गावांत सरकारी नर्स म्हणून काढली होती. तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बाळंतपणं केली होती. निवृत्त होऊन भोरला आल्या तेव्हा मालक गेलेले होते आणि मुलगी मिरजेला नांदत होती. घरात त्या आणि टीव्ही, एवढेच दोघं.

ठेंगणी मूर्ती, पदर कमरेला घट्ट खोचलेला, मनगटावर घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला असलेलं. बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घ्यायची त्यांना सवय होती. आपल्याला वाटायचं की बाई मायेनं हात धरतायत, पण त्या नाडी मोजत असायच्या. पहिल्या भेटीत मी कुठला, कुणाचा, हे विचारून झाल्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि म्हणाल्या, "मास्तर, चहा कमी करा." मी त्यांना चहाचं काहीच सांगितलं नव्हतं.

आपल्या घरात त्या फक्त सरकारी चॅनेल बघत. पगार सरकारनं दिला, पेन्शन सरकार देतंय, मग बातम्या दुसऱ्याच्या कशाला बघायच्या, असा त्यांचा हिशेब होता. निवेदिका नमस्कार म्हणाली की बाई नमस्कार म्हणत. बातम्या चालू असताना त्या काही खात नसत, कारण समोरचं माणूस उपाशी बोलत असताना आपण कसं खायचं. निवेदक खोकला तर त्याला अडुळशाचा काढा सांगत, आणि दुसऱ्या दिवशी तो बरा दिसला की घेतला वाटतं, म्हणून समाधानानं मान हलवत. शेतीचा कार्यक्रम तर त्यांनी कधी चुकवला नाही. शेत नव्हतं. परसात एक लिंबाचं झाड होतं, तेवढंच. एका वर्षी टीव्हीत द्राक्षबागेची निगा कशी राखावी ते दाखवलं, तसं सगळं त्यांनी त्या लिंबाला केलं. लिंबं आंबट आली. गुण आला, असं बाईंनी गल्लीत सांगितलं.

तेव्हा छपरावर लोखंडी पाइपाला बांधलेला अँटेना होता आणि त्यावर वानरांची टोळी येऊन बसायची. वानरं उठून गेली की अँटेना भलतीकडं तोंड करून उभा असे, आणि मला वर चढावं लागे. मी वर, बाई खाली दारात, एक नजर टीव्हीवर. त्यांनी आयुष्यभर ज्या कामात सूचना दिल्या होत्या त्याच भाषेत त्या मला सूचना देत. हळू, घाई नको. आता थोडा जोर लावा. थांबा, श्वास घ्या. आता पुन्हा. डोकं दिसायलंय. आलं, आलं, आता सोडा. चित्र नीट आलं की त्या वेळ बघत. मी घामाघूम होऊन खाली उतरलो की मला गूळ घालून दूध मिळे.

चित्राच्या सगळ्या दुखण्यांना त्यांच्याकडं नावं होती. पडद्यावर ठिपके आले की गोवर. चित्र वरखाली उड्या मारायला लागलं की आकडी. आवाज बंद पडला की वाचा गेली. एका निवेदिकेच्या शेजारी तिचीच पुसट सावली दिसायला लागली की बाई म्हणत, जुळं हाय. आणि सगळ्यावर त्यांचं एकच म्हणणं असे, जे त्या नोकरीत हजार घरांत बोलल्या असतील: आधी स्वच्छ पायजे, मग बाकीचं.

मग भोरला केबल आलं. केबलवाल्याचं नाव बाळू. मूळ मार्गासनीचा, भोरला एसटी स्टँडजवळ एका शिंप्याच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. बाळूला सिस्टरबाईंनीच जगात आणलं होतं, तेही रस्त्यात बंद पडलेल्या एसटीत. ड्रायव्हर आणि कंडक्टर बाहेर पाठ करून उभे होते. बाळू पायाळू जन्मला. पायाळू माणसानं लाथ मारली की पाठीची उसण जाते असं आपल्याकडं मानतात, त्यामुळं बाळूच्या ऑफिसात केबलच्या तक्रारी घेऊन येणारे आणि पाठ धरून येणारे असे दोन प्रकारचे लोक असत. दुसऱ्या प्रकारचे जास्त समाधानी होऊन जात.

बाळूनं बाईंकडं केबल जोडलं, पाया पडला आणि गेला. बाईंनी काच पुसली, टीव्ही लावला. सिनेमाचं चॅनेल लख्ख, गाण्यांचं लख्ख, मालिकांचं लख्ख. सरकारी चॅनेल सगळ्यात शेवटी, आणि त्याला असा गोवर आला होता की निवेदक आहे की निवेदिका हे आवाजावरून ठरवावं लागत होतं. बाईंनी पुन्हा स्पिरिट लावलं. मग मला हाक मारली.

"मास्तर, तुमी चित्राचं मास्तर. हे चित्र हाय का, सांगा."

मी म्हणालो, तसं म्हणता येणार नाही.

"चला मग."

अशा रीतीनं मी तज्ज्ञ म्हणून बाळूच्या ऑफिसात गेलो. बाळूनं मला खुर्ची दिली आणि बाईंना पंख्याखाली बसवलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच्याकडचं एक यंत्र जुनं होतं आणि त्यातून एक तरी चॅनेल खराब निघणारच होतं. मग जे कोणी बघत नाही ते त्यानं खराब ठेवलं. वर तो असंही म्हणाला की चित्र तितकं वाईट नाही, बाईंचं वय झालंय, मोतीबिंदू असेल. ऑफिसात उसण धरलेला एक माणूस होता, तो हे ऐकून पाठ विसरून भिंतीकडं सरकला.

 त्या आठवड्यात भोरला डोळे तपासणीचं शिबिर होतं, तिथं बाई गेल्या. डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला. बाईंनी शेवटची ओळ वाचली आणि तिच्या खाली बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला. तिथून थेट बाळूच्या ऑफिसात येऊन त्या दारातच उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली कोणता उपास आहे ते मोठ्यानं वाचायला लागल्या. एकादशीपर्यंत आल्यावर बाळूनं हात जोडले. पण तो हट्टाला पेटला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या एकटीसाठी यंत्र कसं आणू? मागणीच न्हाई. धा-वीस माणसं येऊन म्हणू देत की, आमाला सरकारी स्वच्छ पायजे. मग बघतो."

बाळूनं हे बोलायला नको होतं. वेल्हे तालुक्यात कुणाला काय मागायला लावायचं, हे ठरवण्याचा जेवढा अधिकार सिस्टरबाईंना होता तेवढा तहसीलदारांनाही नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळच्या एसटीनं माणसं उतरायला लागली. वेल्ह्याचे, मार्गासनीचे लोक नसरापूरला गाडी बदलून आले होते. शाळा भरायला वेळ होता म्हणून मी बघायला गेलो. जिन्यावर रांग लागली होती. काखेत कोंबडी घेतलेला एक शेतकरी सगळ्यात पुढं होता. त्यानं सांगितलं, सरकारी चॅनेल स्वच्छ पाहिजे. बाळूनं विचारलं, तुमच्या गावात केबल आहे का. नव्हतं. टीव्ही आहे का. तोही नव्हता. मग कशाला पाहिजे, तर सिस्टरबाईंनी सांगितलंय. त्याच्यामागं आंबवड्याचा एक पैलवान होता. त्याला एकच वाक्य पाठ करून दिलं होतं, आणि बाळू काहीही विचारो, तो तेच वाक्य सावकाश म्हणत होता. एक म्हातारी मोकळी पिशवी घेऊन आली होती. सरकारी आणि स्वच्छ एवढंच तिनं ऐकलं होतं, त्यामुळं तिला वाटलं रेशनची साखर असेल. बाळूनं तिला चहा पाजला. दोघांनी आलोच आहोत तर म्हणून उसणीची लाथ खाऊन घेतली.

दुपारपर्यंत बाळू टेकीला आला. संध्याकाळी सरकारी चॅनेल पहिल्या नंबरावर आलं आणि असं स्वच्छ दिसलं की बाईंनी मला, मागच्या घरातल्या कांबळेवहिनींना आणि कांबळेवहिनींच्या सासऱ्यांना बोलावून समोर बसवलं. कार्यक्रम भुईमुगावर पडणाऱ्या टिक्का रोगाचा होता. आम्ही शेवटपर्यंत पाहिला.

भुईमूग संपला, कांबळेवहिनी घरी गेल्या, आणि पाच मिनिटांत त्यांच्या घरातून आरडाओरडा झाला. बाळूचं यंत्र जुनंच होतं. एक तरी चॅनेल खराब निघणारच होतं. आता गोवर मालिकांच्या चॅनेलला आला होता.

कांबळेवहिनी या सिस्टरबाईंच्या जिवाभावाच्या. परसातल्या कुंपणाला एक फळी काढून ठेवलेली होती आणि त्या भगदाडातून दिवसभर कालवणाच्या वाट्या इकडून तिकडं जात. ईदला शिरखुर्मा त्यातून जायचा, बुद्धजयंतीची खीर त्यातून यायची. पण वहिनी मालिका बघत, आणि तेव्हा मालिकेत एक सून आंधळी झाल्याचं सोंग करत होती. ते सोंग कुणाच्या लक्षात येतं का, हे बघायच्या ऐन वेळी गोवर आला. वहिनींनी भांडण केलं नाही. त्यांनी ती फळी परत ठोकली.

सिस्टरबाईंचं पुढचे काही दिवस बातम्यांत लक्ष नव्हतं. भिंतीपलीकडून मला ते कळायचं, कारण त्या नमस्कार म्हणायच्या राहून जात होत्या. वाटीभर वांगं त्यांनी मला दिलं, आणि मी छान झालंय म्हणाल्यावर म्हणाल्या की ते माझ्यासाठी केलेलं नव्हतं. एका संध्याकाळी त्या पुढच्या दारानं, रस्त्यावरून वळसा घालून, कांबळ्यांच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते नंतर वहिनींनी सांगितलं. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माझं स्वच्छ करताना तुमचं घाण झालं. आमच्या खात्यात असं काम करणाऱ्या बाईला घरी पाठवत्यात." वहिनी म्हणाल्या, आत या, चहा ठेवलाय. मग दोघींनी मिळून त्या मालिकेतल्या सुनेला नावं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मार्गासनीच्या गाडीत बसल्या.

परत आल्या त्या बाळूच्या आईला घेऊन. म्हातारीला त्यांनी बाळूच्या ऑफिसात नेलं आणि खुर्चीत बसवलं. म्हातारी नुसती बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मी बाळूची आई. जेवायच्या वेळेला बाळूनं घरी चल म्हटलं, तर म्हणाली भूक नाही. उन्हं उतरल्यावर तिनं विचारलं, "बाळा, त्या दिवशी एसटीत बाईंनी मला इचारलं व्हतं का, की माझ्या एकटीसाठी कसं करू म्हणून?"

बाळू दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन नवीन यंत्र घेऊन आला. दोन्ही चॅनेल स्वच्छ झाली. त्या सुनेचं सोंग सासूच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही सगळे सिस्टरबाईंकडंच होतो. बाईंनी सुनेचे डोळे निरखून पाहिले आणि आपल्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं असं सांगितलं.

नंतर बरीच वर्षं गेली. मी त्याच खोलीत राहिलो, फक्त लग्न होऊन. बाळूनं केबल बंद करून एका डिश कंपनीची दुकानदारी घेतली. घरोघरी छत्र्या आल्या, वानरांना बसायला अँटेनापेक्षा त्या बऱ्या पडल्या. मिरजेच्या मुलीनं बाईंना सपाट टीव्ही घेऊन दिला. त्याची काच स्पिरिटनं पुसू नका, असं दुकानदारानं बजावलं होतं. बाई एक दिवस थांबल्या.

अशात एचडी आलं. बाळूनं आम्हाला दुकानात बोलावून दाखवलं. पडद्यावर वाघ होता. बाळू कौतुकानं म्हणाला की मिशीचा केस न् केस मोजता येतो. बाईंनी वाघाकडं थोडा वेळ बघितलं, त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतंय असं सांगितलं, आणि सरकारी लाव म्हणाल्या. सरकारी चॅनेल एचडीत नव्हतं. ते पुढं कुठल्याशा मोठ्या खेळांच्या निमित्तानं सुरू झालं, पण बाळूच्या कंपनीत ते दिसत नव्हतं. बाळूनं आता शहाणपणानं मागणीचा विषय काढला नाही. त्यानं सांगितलं, हे माझ्या हातात नाही, कंपनीला फोन करा. आणि कस्टमर केअरचा नंबर बाईंच्या मोबाईलमध्ये घालून दिला.

पहिला फोन मी ऐकला, कारण कोणतं बटण दाबायचं हे सांगायला मला बोलावलं होतं. बऱ्याच गाण्यांनंतर एक मुलगी आली. आपली काय मदत करू शकते, वगैरे म्हणाली. बाईंनी तिला नाव विचारलं. पल्लवी. गाव कुठलं, तर अमरावती, आता पुण्यात. मग बाईंनी आपली मागणी सांगितली: सरकारी चॅनेल एचडीत पाहिजे, स्वच्छ पाहिजे. पल्लवीनं सांगितलं की ती मागणी पुढं पाठवेल. बोलता बोलता ती एकदा थांबली, आणि बाईंनी कान टवकारले.

"पोरी, दम का खाती? कितवा चाललाय?"

 पलीकडून अगदी हळू आवाजात उत्तर आलं, "पाचवा. पण मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतो."

"हू दे. वरच्या सायबालाबी कळंल, तुला बसायला नीट खुर्ची पायजे ते."

तिथून पुढं दर आठवड्याला बाई फोन करत. कुणी दुसरं आलं तर पल्लवीला द्या म्हणत आणि मिळेपर्यंत गाणी ऐकत बसत. फोनची सुरुवात चॅनेलनं होई, कारण तसं केल्याशिवाय पल्लवीला बोलता येत नसे, आणि मग लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, डाव्या कुशीवर झोपणं असं सगळं चाले. शेवटी पुन्हा चॅनेल. पल्लवी म्हणे, आपली तक्रार नोंदवली आहे.

आणि दर फोननंतर काही दिवसांनी पार्सल येई. त्यात एक नवाकोरा रिमोट असे. चॅनेल यायचं नाही, रिमोट यायचा. पहिला आला तेव्हा बाईंना वाटलं चॅनेल ह्यातून सुरू होत असेल, म्हणून त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. पुढंपुढं त्यांनी ते वाटायला सुरुवात केली. कांबळेवहिनींकडं एक गेला. आमच्या मुलीच्या खेळण्यात दोन होते. एक परसातल्या लिंबाला पाखरं हाकायला टांगला होता.

आठव्या महिन्यात पल्लवीनं सांगितलं की अलीकडं फार डोकं दुखतं आणि चपला घट्ट होतात. तेव्हा मी तिथंच होतो. बाईंचा आवाज एकदम बदलला, मी तो आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तिला विचारलं, सकाळी उठल्यावर तोंड सुजतं का. ती म्हणाली, हो.

"फोन ठेव. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. सुट्टी मागू नगंस, नुसती जा. बीपी बघायला सांग."

पुढच्या आठवड्यात फोनवर एक मुलगा आला. पल्लवी सुट्टीवर आहे, याच्यापलीकडं तो काही सांगेना. कर्मचाऱ्यांची माहिती देता येत नाही म्हणाला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तोच. बाईंनी त्याच्याकडं चॅनेल मागितलं नाही. त्याला काही समजावलं नाही, त्याचं नावही विचारलं नाही. स्पिरिटची बाटली कपाटातून बाहेर आली नाही. संध्याकाळी बाई उंबऱ्यात बसत आणि मोबाईल मांडीवर ठेवत. कांबळेवहिनी त्यांच्याजवळ येऊन बसत.  मी एकदा धीर द्यायला म्हणून काहीतरी म्हणालो, तर बाईंनी माझं मनगट हातात घेतलं, पण घड्याळाकडं बघितलं नाही.

फोन आला तो एका सकाळी, अनोळखी नंबरावरून. पल्लवी होती. त्या दिवशी ती कामावरून उठून थेट दवाखान्यात गेली होती. रक्तदाब इतका वाढलेला होता की डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. लवकर बाळंतपण करावं लागलं. मुलगी लहान आहे, काचेत ठेवली होती, पण आता दूध ओढायला लागलीय. बाईंनी वजन विचारलं, रंग विचारला, रडते कशी ते विचारलं. रडण्याचा आवाज ऐकवायला सांगितलं. मोबाईल कानाला लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "झ्याक हाय. भूक लागलीय तिला, फोन ठेव."

त्यानंतर त्यांनी आत जाऊन टीव्ही पुसला. सकाळची वेळ होती, बातम्यांना अवकाश होता.

पल्लवी पुढं खरंच भोरला आली. तिचं सासर महाडकडचं, वरंधा घाटानं जाताना वाटेत उतरली. बाई दोन दिवस आधीपासून पाणी उकळत होत्या, अशी आमच्याकडं थट्टा होती. पोरीला त्यांनी आडवी-उभी करून सगळीकडून तपासली, आणि पल्लवीचा नवरा बिचारा चहाचा कप धरून आपलीही नाडी बघू देत बसला. बोलता बोलता मी रिमोटचं विचारलं. पल्लवी लाजली. तिच्या समोरच्या पडद्यावर तक्रारींचे ठरावीक प्रकार असत, त्यातलाच एक निवडावा लागे. सरकारी चॅनेल स्वच्छ पाहिजे, असा प्रकारच नव्हता. काहीच निवडलं नाही तर कॉल धरता येत नसे. म्हणून ती दर वेळी रिमोट बिघडला असं निवडायची.

बाईंनी हे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, कंपनीत आता तिच्या जागेवर जो मुलगा बसतो त्याला हे माहीत आहे का. पल्लवी म्हणाली, नसेल.

"मग त्याला सांगून ठेव. त्याच्याकडं मी चॅनेल मागितलंच न्हाई. आता मागते."

आणि त्या मुलालाही त्यांनी सोडलं नाही. त्याचं नाव, गाव, आईची तब्येत, सगळं काढलं. रिमोट पुन्हा यायला लागले.

त्याच सुमारास संस्थेनं माझी बदली इंदापूरच्या शाळेत केली. निघताना बाईंनी माझ्या बायकोला काय काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण नव्या घरात मला दिवसातून दोनच वेळा चहा मिळतो.

भोरला पुन्हा जाणं झालं ते एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याला. दुपार मोकळी होती म्हणून गल्लीत गेलो. बाईंचं दार सताड उघडं. आत टीव्ही चालू होता आणि त्यावर सरकारी चॅनेल होतं, एचडीत. ते कधी सुरू झालं, कुणाच्या मागणीमुळं, मला माहीत नाही. बाळूला नंतर विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हतं. चित्र इतकं स्वच्छ होतं की निवेदकाच्या कोटाची वीण दिसत होती, कॉलरला लागलेली पावडर दिसत होती. खोलीत कोणी नव्हतं.

मी हाक मारली. परसातून उत्तर आलं, "मास्तर, व्हय? बसा. मी पोराला न्हाऊ घालतेय."

मी मागच्या दारातून डोकावलो. बाई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि पायांवर एक तान्हं पालथं होतं, तेलानं चकचकीत. शेजारी भिंतीला टेकून त्याची आई झोपून गेली होती. मार्गासनीची, बाळूच्या चुलत भावाची सून. बाई खूप वाळल्या होत्या, पण हात पूर्वीसारखेच चालत होते. मी म्हणालो, बाई, एचडी आलं की. त्या व्हय म्हणाल्या आणि तांब्यातलं पाणी आपल्या कोपरावर ओतून बघितलं. मग मान वर न करता विचारलं, "पावसाचं काय म्हंतोय तो?"

मी आत जाऊन ऐकलं. निवेदकाच्या मागं नकाशा होता, त्यावर पुणे जिल्ह्यात पिवळाधमक सूर्य. त्या सूर्याची किरणं एकेक वेगळी दिसत होती. मी बाहेर येऊन सांगितलं की आकाश निरभ्र राहील, पाऊस नाही.

"मग तेवढी लंगोटं दोरीवर टाका. बादलीत हायती."

मी साखरपुड्याचे कपडे घातलेले होते. मी बाह्या वर केल्या आणि लंगोटं पिळून दोरीवर टाकली. शेवटचं टाकून झालं आणि मांढरदेवीच्या डोंगराकडून असा पाऊस आला की मी दारात पोहोचेपर्यंत भिजलो. बाईंनी गुंडाळलेलं पोर माझ्या हातात दिलं, त्याच्या आईला उठवू नका म्हणून खूण केली, आणि डोक्यावर पाट धरून त्या स्वतः दोरीकडं धावल्या. मी पोर घेऊन उंबऱ्यात उभा होतो. माझ्या पाठीमागं खोलीत तो निवेदक उन्हाळ्यासारख्या दिवसाची माहिती देत होता, आणि समोर धो धो पावसात सिस्टरबाई एका हातानं लंगोटं ओढून काढत होत्या आणि त्याला मोठ्यानं काहीतरी सुनावत होत्या. पावसामुळं मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.